धुरपताबाईच्या हातची कडू मेथी

माझी मोठी बहीण धुरपता आयुष्यात कोणाशी खोटं बोलली नाही, असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतेत. मी ऐकते अन् गालातल्या गालात हसते. खोटं ती बोलत नाही हे खरं आहे, पण ती बोलतच कुठं? जे कराचं ते करते अन् तोंडावर असा भोळा भाव ठेवते का समोरच्याले वाटते, ह्या बाईले दुनियेची काही खबरच नाही.

तिच्या घरच्या तुरीच्या डाळीची गोष्ट सांगते. तिचा नवरा म्हणजे माझे भाऊजी, श्रावणजी. त्याईचा हुकूम असा, का बाजारची डाळ मी तोंडात घेणार नाही, आपल्या वावराचीच पाहिजे. एका साली वावरातली तूर उभी वाळून गेली. धुरपतानं काय केलं, गुपचूप किराण्यातून डाळ आणली अन् त्याच जुन्या डब्यात भरली. भाऊजींनी दोन वाट्या वरण वरपलं अन् पाहुण्यांना सांगितलं, वावराच्या डाळीची चव ही अशी राह्यते. ती खाली मान घालून वाढत होती. तेव्हापासून त्या घरात दुकानचीच डाळ शिजते. हे मी तुमाले सांगून राह्यली, तुमी त्याईले सांगू नका.

आता भाऊजी कोण, ते ऐका. दिग्रसच्या एका जिनिंगमधी ते ग्रेडर होते. कापसाची गाडी आत आली का गाडीवाला, व्यापारी, हमाल सगळे त्याईच्या बोटांकडं पाहत. भाऊजी हात कोपरापर्यंत कापसात खुपसत, खालचा माल वर काढत, दोन बोटात धागा ताणत, कापूस गालाले लावून ओल पाहत अन् मग एकच शब्द बोलत. ‘फस्टक्लास’, नाहीतर ‘फरदड’. फरदड म्हणजे हंगाम सरल्यावर झाडावर उरलेला कमजोर धाग्याचा कापूस. पुढं ओल मोजाचं मशीन आलं, तरी शेठ आधी त्याईले विचारे अन् मग मशीनकडं पाहे. त्यामुळं भाऊजींचा पक्का समज झाला, का कागदावरचं सगळं झूट अन् आपल्या बोटाले, जिभेले जे समजलं तेच खरं.

रिटायर झाल्यावर कापूस सुटला, पण पारख काही सुटली नाही. भाजीवालीच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घालाचे. शेजारी नवी सून आली, तर तिच्या हातच्या चहाले ग्रेड देऊन याचे. मी ब्लाऊज शिवते. माझ्या गिऱ्हाइकासमोर त्याईनं एकदा कापडाचा धागा ताणून ‘फरदड’ म्हणलं. मी हातातली कैची तशीच वर केली, तेव्हा कुठं घरी गेले.

अशा माणसाले शुगर निघाली. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईनं रिपोर्ट पाहून गोळी लिहून दिली. रिपोर्ट म्हणजे कागदच, त्याच्यावर भाऊजींनी विश्वास कायले ठेवाचा? थोडे दिवस धुरपताच्या धाकानं गोळी घेतली, मग ‘मले काही होऊन नाही राह्यलं’ म्हणून सोडून दिली. तिनं लय मागं लागून पाह्यलं. खरं कारण वेगळंच होतं. त्याईचे मोठे भाऊ किसनराव, त्याईलेही शुगर. त्याईचीही आधी गोळी सुरू झाली, मग इंजेक्शन, अन् शेवटी पायाचं बोट कापावं लागलं. किसनराव गोळीसोबत जिलेबी खात अन् वावरात अनवाणी फिरत, हे भाऊजींनी हिशेबात धरलंच नाही. त्याईच्या मनानं घेतलं का गोळीनंच भावाचं बोट नेलं. एक दिवस मी तिथंच बसली होती, तेव्हा हळूच बोलून गेले, "गोळी सुरू झाली का माणूस मरीज होते. मले मरीज नाही व्हाचं." त्या दिवशी मले त्याईची थट्टा करवली नाही.

अन् तेवढ्यात मोबाईलवर मेथी आली. कोणीतरी पाठवलेला व्हिडिओ. मेथीचे दाणे रात्री भिजवा, सकाळी चावा, शुगर गेली समजा. गुडघेदुखी गेली, गॅस गेला, केस काळे, रक्त पातळ, कंबर मोकळी. त्या पाठवणाऱ्यानं फक्त पोरीचं लगन जमवाचं तेवढं मेथीकडं दिलं नव्हतं. भाऊजी उठले अन् बाजारातल्या एकूणएक किराणा दुकानातून मुठीमुठीनं मेथी घेऊन आले. ओट्यावर पेपर पसरून ढिगल्या मांडल्या. दाणे हातावर चोळले, वास घेतला, दाताखाली फोडले. एक ढिगली फस्टक्लास निघाली, बाकी सगळी फरदड. ज्याची मेथी फरदड ठरली त्या दुकानदारानं महिनाभर भाऊजींना रामराम घातला नाही.

मग त्या घरात मेथीचं राज्य सुरू झालं. वरणात मेथी, भाकरीत मेथी, आंब्याच्या लोणच्यात तर होतीच. एकदा मले चहा दिला, त्यातही मेथी. मी म्हणलं, भाऊजी, मायी शुगर ठीक आहे, डोकं तेवढं फिरलं आहे तुमच्या पायी. तर म्हणे, डोक्यालेही चालते.

बरं, मेथी काही वाईट नाही. आमची माय घरातल्या प्रत्येक बाळंतिणीले मेथीचे लाडू करून घाले अन् वरून उभी राहून खाऊ घाले. पोट जड झालं का मेथीची फक्की ठरलेली. धुरपताचा मेथीशी झगडा नव्हताच. तिचा जीव अडकला होता त्या न घेतलेल्या गोळीत. भाऊजींना सारखी तहान लागे, रात्रीतून उठउठून जात, चेहरा उतरून गेला होता, अन् ते मात्र पाहुण्यांना मेथीचे फायदे सांगत बसले होते.

एक दिवस ती नवऱ्याले म्हणाली, बहिणीसोबत यवतमाळले अस्तराचं कापड आणाले जाते. आमी एसटीनं गेलो अन् अस्तर खरंच आणलं. तिथून डॉक्टरीणबाईकडं गेलो, ते तिनं नवऱ्याले सांगितलं नाही, अन् त्याईनं विचारलंही नाही.

डॉक्टरीणबाईनं शांतपणानं समजावलं. मेथी भिजली का चिकट होते ना, तेच तिचं काम. त्या चिकट चोथ्यानं जेवणातली साखर रक्तात हळूहळू उतरते, पोटही साफ राह्यते, म्हणून खाऊ द्या. पण श्रावणजींची शुगर जेवढी चढली आहे तेवढी एकट्या मेथीनं उतरणार नाही. मेथी गोळीसोबत चालते, गोळीच्या जागी नाही. धुरपता सगळं ऐकून घेत होती. मग पदर सावरून तिनं विचारलं, "बाई, ते गोळी कुटली तर चालते का?"

डॉक्टरीणबाईचा पेन थांबला. एकदा तिच्याकडं पाह्यलं, एकदा मायाकडं. मी छताकडं पाह्यलं. बाईनं सांगितलं का सगळ्याच गोळ्या कुटाच्या नसतात, काही पोटात हळू विरघळाले बनवल्या राह्यतेत. ही मी साधी लिहून देते, नाश्त्यासोबत जाऊ द्या. पण शुगर तपासत राहा, अन् शुगर फार उतरून हात थरथरले, घाम फुटला तर लगेच तोंडात साखर घालून घेऊन या. अन् हे किती दिवस लपवणार, सांगून टाकलेलं बरं, असंही म्हणाली. धुरपता म्हणाली, त्याईचं डोकं ठिकाणावर आलं का सांगते, तोपर्यंत मले विधवा व्हाची घाई नाही. डॉक्टरीणबाई तोंडावर हात ठेवून हसली.

तर असं ते दिवाळीत सुरू झालं. सकाळी खलबत्त्यात मेथी कुटाची अन् शेवटी तिच्यात गोळी. कडूत कडू मिसळलं, कोणाले कळते? पहिल्या दिवशी मी सुईदोरा मागाचं निमित्त काढून तिच्याकडं गेली, कारण हे पाहाले नाही मिळालं असतं तर मले जेवण गेलं नसतं. भाऊजींनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, जीभ टाळ्याले लावून पाह्यली. आमी दोघी श्वास धरून उभ्या. मग डोळे उघडून म्हणतेत, आज मेथी जोरदार आहे, पाट्यावर वाटली काय? धुरपता म्हणाली, खलात कुटली. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून हसली.

शुगर उतरली, उतरणारच होती. तहान गेली, झोप लागाले लागली, गालावर तेज आलं. यवतमाळचा रिपोर्टचा कागद पहिल्यांदाच भाऊजींना खरा वाटला, कारण तो त्याईच्या बाजूनं बोलत होता. सकाळच्या फिराले जाणाऱ्या मंडळींसमोर ते सांगत, मेथी तर फस्टक्लास आहेच, पण मायी बायको खलात अशी कुटते का तिचा कडूपणा खुलते. तिच्या हाताले गुण आहे. झालं. ‘धुरपताबाईच्या हातची मेथी’ म्हणून गावात बोलबाला झाला अन् लोक वाट्या घेऊन ओट्यावर येऊ लागले. ती सगळ्यांना साधी मेथी देई अन् प्रत्येकाले न चुकता सांगे, तुमची गोळी सोडू नका. भाऊजी वरून म्हणत, ऐका तिचं, अन् करा माझं.

इथपर्यंत सगळी मजाच होती. मग देवसिंग आला.

देवसिंग जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा, भाऊजींचा जिवाभावाचा दोस्त. कधीकाळी जिनिंगच्या भऱ्या यार्डात भाऊजींनी त्याच्या कापसाले फस्टक्लास म्हणलं होतं, तेव्हापासून भाऊजींचा शब्द त्याले देवाचा शब्द. त्याची शुगर जुनी, भाऊजींपेक्षा किती तरी जास्त. तोही मेथी घेऊन गेला. थोड्या दिवसांनी त्याची बायको सुखीबाई आमाले आठवडी बाजारात भेटली. तिनं धुरपताले बाजूले नेलं अन् सांगितलं, का ह्यानं गोळ्या नाल्यात फेकल्या. पायाले चप्पल लागून जखम झाली, ती काही वाळून नाही राह्यली. त्याच्यावर हळद दाबते अन् म्हणते, श्रावणभाऊनं गोळी सोडली, मी काहून घेऊ?

धुरपतानं पिशवी तशीच गुंडाळली. भाजी न घेताच आमी परत आलो.

दुसऱ्या दिवशी ऑटो करून ती मले घेऊन तांड्यावर गेली. देवसिंगनं मोठ्या मानानं बिनसाखरेचा चहा पाजला. तिनं हात जोडून सांगितलं, भाऊ, गोळी सुरू करा, पाय दाखवा डॉक्टरले. तो हसला. "वहिनी, तुमी बायका लवकर भेता. भाऊ म्हणले तर घेतो," म्हणे. सुखीबाईनं त्याले त्यांच्या बोलीत काहीतरी चांगलंच सुनावलं, पण त्यानं कान झटकले. त्याच्या पायाची पट्टी ओली दिसत होती. मले ते पाहवलं नाही.

संध्याकाळी धुरपतानं भाऊजींकडं विषय काढला. ते म्हणाले, त्याले मेथी कमी पडून राह्यली, उद्या येऊन राह्यला तो, दोन चमचे जास्त दे. माझं टाळकंच सरकलं. मी धुरपताले अंगणात ओढलं अन् म्हणलं, आता मी सांगते त्याईले, का तुमच्या मेथीत काय आहे. तिनं मायं मनगट धरलं.

"तू सांगशील तर भांडण होईन अन् ते मानणार नाहीत," ती म्हणाली. "त्याईले त्याईच्याच जिभेनं समजलं पाहिजे. पण एकदा समजलं का गोळी तर सोडच, माया हातचं पाणीबी घेणार नाहीत ते. अन् नाही सांगितलं तर देवसिंगभाऊचा पाय जाईन."

एवढं लांब बोलताना मी तिले कधी ऐकलं नव्हतं.

सकाळी ओट्यावर नेहमीची मंडळी बसली होती. देवसिंग लंगडत आला अन् पाय लांब करून टेकला. धुरपता आतून दोन वाट्या घेऊन आली. दोन्हीत मेथीची पूड. नवऱ्यासमोर ठेवून म्हणाली, जरा ग्रेड करून द्या. भाऊजी केवढे खूश झाले. बाह्या मागं सारल्या, मंडळींना पारखीचे दोन शब्द ऐकवले, पहिल्या वाटीतली चिमूट जिभेवर ठेवली. मग चूळ भरून दुसरीतली.

"ही पहिली फरदड," ते म्हणाले. "अन् ही तुझ्या हातची. फस्टक्लास."

"दोन्ही एकाच डब्यातल्या आहेत," धुरपता म्हणाली. "एकाच खलात कुटल्या. तुमी फस्टक्लास म्हणली तिच्यात यवतमाळची गोळी आहे. दिवाळीपासून रोज आहे."

कोणीतरी हसलं. भाऊजींनी पुन्हा पहिली वाटी ओढली, चिमूट घेतली, डोळे मिटले. पुन्हा दुसरी. त्याईचं तोंड कडू झालं होतं ते मेथीनं का कशानं, मले सांगता येत नाही. बायको बयाड झाली, येडी झाली, असं म्हणून सुटता आलं असतं त्याईले. सगळ्यांनी मानलंही असतं.

देवसिंगनं विचारलं, "भाऊ, खरं काय हे?"

भाऊजींनी त्याच्या पायाकडं पाह्यलं. पट्टीवर माशी बसली होती, ती त्याईनं हातानं उडवली. मग पट्टीले नाक लावलं, जसे कापसाले लावत. वास येत होता.

"देवसिंग, मायी शुगर गोळीनं उतरली," ते म्हणाले. "माझी पारख चुकली. ऊठ, यवतमाळले जाऊ."

त्याईनं देवसिंगच्या काखेत हात घातला, रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवला अन् त्याले घेऊन गेले. धुरपताकडं एकदाही पाह्यलं नाही. वाट्या तिथंच ओट्यावर राह्यल्या, मंडळी एकएक करून उठून गेली.

संध्याकाळी परत आले. देवसिंगले दवाखान्यात ठेवून घेतलं होतं, वेळेवर आणलं, पाय वाचेल असं डॉक्टरनं सांगितलं. हे त्याईनं मले सांगितलं, धुरपताले नाही. तिनं ताट वाढलं, ते जेवले नाहीत. पाणीसुद्धा स्वतः उठून माठातून घेतलं. तिनं मायाकडं पाह्यलं. तिले जी भीती होती तेच होऊन राह्यलं होतं. मले भाऊजींचा असा राग आला का वाटलं, कैची आणावी.

सकाळी मी निमित्तबिमित्त काही काढलं नाही, सरळ गेली. भाऊजी पोहे पुढं घेऊन बसले होते, पण हात लावला नव्हता. धुरपतानं एका ताटलीत एकीकडं मेथीचा चमचा ठेवला, दुसरीकडं गोळी, अन् पाण्याचा गिलास. काहीच लपवलं नाही. ताटली त्याईच्यासमोर सरकवून ती सैंपाकाच्या ओट्याकडं तोंड करून उभी राह्यली, उगाच धुतलेला चमचा पुन्हा धुवू लागली.

भाऊजींनी गोळी उचलली. दोन बोटात धरून फिरवली, अन् परत ताटलीत ठेवून दिली.

"हे असं उघडं काहून ठेवलं?" ते म्हणाले.

धुरपता वळली नाही.

"उघडं मायानं नाही गिळल्या जात. गोळी दिसली का मले किसनदादाचा पाय दिसते." त्याईनं ताटली तिच्याकडं सरकवली. "नवऱ्याले फसवाचं तर पुरतं फसव ना. जा, कुटून आण. मी तिकडं पाहतो."

अन् ज्या माणसानं उभ्या आयुष्यात पारखल्याशिवाय काही तोंडात घातलं नाही, तो भिंतीकडं तोंड करून बसला. धुरपतानं खलबत्ता घेतला अन् खाली बसकण मारली. कुटता कुटता ती हसून राह्यली होती अन् डोळेही पुसून राह्यली होती. भाऊजी भिंतीकडं पाहत विचारत होते, झालं काय वं, पोहे थंडे होऊन राह्यले.